पोर्ट ऑफ स्पेनच्या बागा आणि पिंपरीचा एक पाट

पिंपरीच्या भागूआत्यानं भाऊबीजेला मला पाटावरून उठवलं, तिथून हा प्रवास सुरू झाला.

मी चिंचवडचा. भागूआत्या माझ्या नात्यातली नव्हे, पण लहानपणापासून तिला मी आत्याच म्हणत आलो. त्या संध्याकाळी फराळाला म्हणून गेलो, समोर पाट मांडलेला दिसला आणि बसलो. ती तबक घेऊन आतून आली ती ओरडतच.

"ऊठ तिथनं! त्यो दगडूचा पाट हाय."

दगडू तिचा भाऊ. ती परकर-पोलक्यात होती तेव्हा तो खडकीच्या छावणीतल्या एका साहेबाच्या घोड्याबरोबर कलकत्त्याला गेला. तिथं घोडा मेला, साहेबानं हाकलून दिलं, आणि स्टेशनावर भेटलेल्या एका दलालानं त्याला सांगितलं की चिनीटाट नावाच्या बेटावर साखर चाळायचं काम आहे, बसून करायचं. चिनीटाट म्हणजे त्रिनिदाद. साखर चाळायची नव्हती, ऊस तोडायचा होता. आणि बसायला तिथं कुणाला सवड नव्हती. पहिल्या जागतिक लढाईनंतर तिकडून परतलेल्या एका माणसानं हा निरोप आणला, त्यानंतर काहीच नाही.

ज्या बाईला भाऊ नाही ती भाऊबीजेला चंद्राला ओवाळते, ही आपली रीत. गावातल्या बायका भागूआत्याला वर्षानुवर्षं तेच सांगत आल्या. ती ऐकत नाही. भाऊ आहे म्हणते, आणि रिकाम्या पाटाला ओवाळते.

त्याच दिवाळीत मला त्रिनिदादहून बोलावणं आलेलं होतं. तिथल्या हिंदी लोकांना स्वतंत्र भारतावर व्याख्यानं हवी होती. जाण्यायेण्याचा खर्च त्यांचा. मी जावं की न जावं अशा घोळात होतो. त्या पाटानं घोळ मिटवला.

निघताना आत्यानं बजावलं, "सापडला तर घेऊन ये. आन् जमिनीचं बोलू नगंस. हितं आला की बघंल त्यो."

जमिनीचं म्हणजे काय, हे इकडच्या वाचकांना सांगायला नको. दुसऱ्या लढाईच्या काळात देहूरोडला लष्कराच्या डेपोनं शेतं गिळली. आता स्वराज्यात आमच्या सडकेच्या वरच्या अंगाला कारखान्यासाठी जमिनी घेतल्या. दगडूचा वाटा आत्यानं इतकी वर्षं अर्धेलीनं, निम्म्या पिकाच्या बोलीवर, दुसऱ्याला लावून राखला होता, तोही गेला. मोबदला मिळाला. तारेचं कुंपण मिळालं. विहीर बुजवली, विहिरीवरचा आंबा तोडला. कारखाने नकोत असं मी कधीच म्हटलेलं नाही, आजही म्हणत नाही. पण ज्याची जमीन जाते त्याला एक शब्द विचारायचा नाही, ही जी साहेबी रीत आपण जशीच्या तशी उचलली, तिच्यावर मी चिंचवडच्या चावडीपासून पुण्याच्या मैदानापर्यंत बोललो आहे, आणि दोन्हीकडे टाळ्यांपलीकडे काही मिळालेलं नाही.

मुंबईहून सुवेझमार्गे लंडन, आणि तिथून दुसऱ्या बोटीनं वेस्ट इंडीज. जाणाऱ्यांनी लोकरीचे कपडे लंडनपुरतेच घ्यावेत. पुढं ते ओझं होतं. शाकाहारी माणसानं भाजक्या पोह्यांचा डबा जवळ ठेवावा, कारण त्या बोटीवर भाजी म्हणजे उकडलेला बटाटा. दुसरी बोट निम्मी रिकामी होती. खलाशी म्हणाला, तिकडून येताना उभं राहायला जागा नसते; बेटांवरची पोरं इंग्लंडात बसगाड्यांवर आणि इस्पितळांत कामाला येतात. आधी माणसं आफ्रिकेतून नेली, मग हिंदुस्थानातून नेली, आता त्यांचीच नातवंडं उलट्या दिशेनं. साम्राज्य बुडालं तरी त्याच्या बोटी चालूच आहेत.

पोर्ट ऑफ स्पेन हे गाव डोंगर आणि समुद्र यांच्यामध्ये बसलेलं, आणि सावलीच्या बाबतीत श्रीमंत. माझे यजमान बलदेव मास्तर, शाळेत शिकवतात. आजोबा उत्तर हिंदुस्थानातल्या बस्ती जिल्ह्यातून ऊस तोडायला आलेले. दगडूचं सगळं ऐकल्यावर ते म्हणाले, "पंडितजी, गावात घर नसलेले म्हातारे हिंदी लोक बागांतच राहतात. आपण बागा पायी फिरू. तुमचं बघणंही होईल आणि शोधणंही."

"मला पंडितजी म्हणू नका."

"मग काय म्हणू? व्याख्यान देणाऱ्या प्रत्येकाला आम्ही पंडितजीच म्हणतो. सवय करून घ्या."

आदल्या संध्याकाळी गावातल्या मुख्य चौकात माझं व्याख्यान झालं होतं. लालभडक सरकारी इमारतीसमोरचा हा चौक म्हणजे एक बागच: मधोमध लोखंडी कारंजं, भोवती उंच झाडं, आणि झाडाखाली गावाचं राजकारण. त्या बेटाला स्वतःचं राज्य हवं आहे आणि त्याची भाषणं याच चौकात होतात. मी तासभर इंग्रजीत बोललो. टाळ्या झाल्या. दगडूची हकीकतही मी सांगितली, आणि लोकांनी तिथल्या तिथं शब्द दिला की म्हातारा सापडला तर त्याचं परतीचं तिकीट आम्ही काढू. म्हणजे आता एकच गोष्ट उरली होती: तो सापडणं.

सकाळी उन्हाच्या आधी निघालो. तिथं बागा बघायच्या तर हीच वेळ. दुपारी ऊन डोक्यात जातं. सुरुवात धक्क्याजवळच्या लांबट बागेपासून. दोन्ही बाजूंनी रस्ता, मधून झाडांची रांग, खाली बाकं. बोटीतून उतरलेला मजूर पहिल्यांदा हीच सावली बघत असणार. बाकांवर दोघे-तिघे म्हातारे झोपले होते, आणि बागेचा पहारेकरी बाकाच्या फळीवर काठी आपटत त्यांना उठवत होता.

"उठा, उठा! साहेब लोक कामाला निघाले."

"मग त्यांना जाऊ दे की," एक म्हातारा डोळे न उघडता म्हणाला, "मला कुठं जायचंय?"

बलदेवांनी चौकशी केली. दगडू त्यांच्यात नव्हता.

तिथून उत्तरेला चालत गेलं की मोठं मैदान लागतं. सॅव्हाना म्हणतात त्याला. आपल्या एखाद्या गावाचं सगळं शिवार मावेल एवढं. घोड्यांच्या शर्यती तिथं, क्रिकेट तिथं, कडेनं फुललेली पिवळीधमक झाडं, आणि पलीकडे गव्हर्नरचा वाडा आणि सरकारी वनस्पतिबाग. जगभरची झाडं त्या बागेत आणून लावली आहेत. झाडं नेमकी कुठून आली ते सांगता येतं. माणसांच्या बाबतीत तेवढी काळजी कुणी घेतली नाही.

मैदानाच्या कडेला नारळवाला गाडी लावून उभा होता. धिप्पाड हबशी गडी, हातात कोयता. त्यानं मला आपादमस्तक न्याहाळलं.

"मास्तर, हा काल चौकात गरजत होता तोच ना? पाणी पितो का नुसतं बोलतो?"

"बोलण्याआधी पितो," बलदेव म्हणाले.

"मग दोन फोडतो. मोठं भाषण करतो हा."

नारळ स्वस्त आणि गोड. जवळच एका बाईकडे दालपुरी मिळते. दिसायला आपल्या पुरणपोळीची बहीण, पण आत तिखट डाळ. तिकडे जाणाऱ्यानं ती खाल्ल्याशिवाय येऊ नये.

मैदानात शिरल्यावर झाडांच्या आडोशाला एक दगडी भिंत दिसली, तिला कुलूपबंद दार. मी विचारलं, हे काय?

"कबरस्तान," बलदेव म्हणाले. "हे सगळं मैदान पूर्वी एका फ्रेंच घराण्याचा उसाचा मळा होता. त्यांनी तो गावाला विकला, पण आपल्या माणसांच्या कबरींचा एवढा तुकडा विकला नाही. तो आजही त्यांचाच आहे."

"आणि ज्यांनी ऊस तोडला त्यांच्या कबरी?"

"ते गुलाम होते, पंडितजी. त्यांना कोण भिंत बांधणार? कदाचित आपण त्यांच्यावरच उभे असू."

मी पाय उचलला. मग ठेवायचा कुठं ते कळेना, म्हणून तिथंच ठेवला.

त्या भिंतीसमोर मी बराच वेळ उभा होतो. मळेवाल्यानं जमीन विकली आणि म्हणाला, एवढा तुकडा माझा राहील. आणि राज्यं बदलली तरी तो राहिला. आमच्या पिंपरीत आंबा राखू द्या म्हणायची सोयदेखील कुणाला मिळाली नाही. विकणारा आणि ज्याचं घेतलं जातं तो, यांच्यातला फरक समजायला मी पुष्कळ पुस्तकं वाचली होती. तो कमरेएवढ्या भिंतीपाशी समजला.

परत येताना आणखी दोन लहान बागा पाहिल्या. एकीत आया गोऱ्या मुलांना फिरवत होत्या, दुसरीत कुणी नव्हतं. दुपार बलदेवांच्या घरी काढली आणि उतरत्या उन्हात पुन्हा मुख्य चौकात आलो. कारंज्याजवळच्या बाकावर दोघे वाद घालत होते. बलदेवांनी त्यांना विचारलं, इथं बिहारचा नाही, मद्रासचा नाही, असा कुणी म्हातारा आहे का?

"बंबई?" एकजण म्हणाला. "तो काय, मागच्या बाकावर. त्याची बोली कुणालाच कळत नाही. आम्हाला वाटतं मुद्दामच तशी बोलतो."

मागच्या बाकावर एक वाळका म्हातारा गाठोडं मांडीवर घेऊन बसला होता. मी समोर उकिडवा बसलो आणि म्हणालो, "दगडूबा, मी चिंचवडचा."

तो बघत राहिला. ओठ हलले, थांबले. शब्द कुठंतरी खोल होते, ते वर यायला वेळ लागला.

"चिंचवड," तो म्हणाला. "मंग पिंपरी तर हाकंवर."

"व्हय. भागूनं धाडलंय मला."

"भागी?" त्यानं हात जमिनीपासून जरा वर धरून तिची उंची दाखवली. "जित्ती हाय?"

"हाय. दर भाऊबीजेला तुमचा पाट मांडते."

म्हाताऱ्यानं डोळे पुसले नाहीत. माझ्याकडे नीट पाहिलं. "काल हितं वरडत व्हता त्यो तूच न्हवं? मी हितंच बसलो व्हतो. विंग्रजीत काय कळंल मला?"

बलदेवांनी मान वळवली. मी स्वातंत्र्यावर तासभर बोललो होतो.

मग हळूहळू त्याची हकीकत निघाली. उसाच्या मळ्यावरचा करार संपल्यावर बरोबरचे गडी तिथंच भातजमिनी घेऊन राहिले, त्यांनी लग्नं केली, घरं बांधली. दगडूनं काही घेतलं नाही. "म्हनलं, आपली हाय की पिंपरीला. दोन दोन घेऊन काय करायचं?" दुसऱ्या लढाईआधी परतीची शेवटची बोट गेली, तेव्हा तो तापानं इस्पितळात होता. तेव्हापासून चौकात. रोज संध्याकाळी गाठोडं बांधून बसायचं, बोट आली तर धावाधाव नको.

मी सांगितलं, आता तिकीट निघणार आहे. माझ्याबरोबर चला.

तो उठलाच. गाठोडं काखेत घेतलं, दोन पावलं टाकली, थांबला. "त्यो हिरीवरचा आंबा हाय का रं? जरा आंबटच, पन लोनच्याला झ्याक."

आत्याचे शब्द मला आठवत होते. तसं बघितलं तर एक हो म्हणायचं होतं. पण या माणसाला एकदा साखर चाळायला म्हणून बोटीत चढवलं होतं. पुन्हा खोटं सांगून त्याला बोटीत चढवणारा दुसरा दलाल मी होणार नव्हतो. मी म्हणालो, "आंबा न्हाई, दगडूबा. जमीन बी न्हाई. सरकारनं कारखान्याला घेतली."

"कोनाच्या सरकारनं? साहेबाच्या?"

"न्हाई. आपल्या."

तो परत बाकावर बसला. कारंज्यापाशी वाद पुन्हा पेटला होता, कुणीतरी मोठ्यानं हसलं. मग त्यानं गाठोड्याची गाठ सोडायला घेतली. ती इतकी घट्ट बसली होती की शेवटी दातांनी ओढावी लागली. आत एक धोतर, तांब्या, आणि कागदात गुंडाळलेला कोरा पटका. वेशीत शिरताना बांधायचा म्हणून ठेवलेला. पटक्याच्या घडीतून त्यानं चांदीचं एक कडं काढून माझ्या हातात दिलं. "भागीची ओवाळनी. तिला म्हनावं, पाटावरनं उठलो."

आणि तो कोरा पटका त्यानं तिथंच, त्या बाकावर बसून, नीट पीळ देऊन डोक्याला बांधला.

बलदेवांनी त्याला घरी चला म्हणून पुष्कळ विनवलं. तो हसून नाही म्हणाला. निघायच्या दिवशी मी चौकात गेलो तेव्हा तो पटका बांधून बसला होता. शेजारी गाठोडं नव्हतं.

परत आलो ते पुढच्या दिवाळीच्या तोंडावर. भागूआत्यानं मला बसूही दिलं नाही.

"बोललास का जमिनीचं?"

"बोललो."

"वाटलंच मला. तुज्या तोंडाला झाकन न्हाई." मग, "येत न्हाई ना?"

"न्हाई."

कडं दिलं. तिनं हातात घालून बघितलं. ते लहान मुलीच्या मापाचं होतं. बोटांच्या पेरांपुढं सरकेना. "मी तेवढीच हाय त्याला," ती म्हणाली.

मला आता लोक विचारतात, तिकडे जाण्यासारखं आहे का? आहे. बागा सुंदर आहेत, सावली दाट आहे, माणसं मनमोकळी आहेत. सकाळी लवकर निघा, नारळाचं पाणी प्या, मैदानातली ती भिंत बघा. आणि चौकात मागच्या बाकावर पटका बांधलेला म्हातारा दिसला तर त्याच्याशी मराठीत बोला. विहिरीवरच्या आंब्याबद्दल तो विचारणार नाही.

भाऊबीजेला मी मुद्दाम गेलो. घरात पाट मांडलेला नव्हता. भिंतीला उभा लावून ठेवला होता. आत्यानं तबकात निरांजन लावलं, शेजारी ते कडं ठेवलं, आणि ती अंगणात आली. मागं सडकेच्या बाजूनं कारखान्याचा भोंगा वाजला. पवना नदीच्या अंगाला चंद्राची बारीक कोर होती, बुडायला आलेली. आत्यानं पदर सारखा केला आणि तबक वर उचललं.