पिवळ्या पट्ट्यासमोर

बोरीवलीच्या आमच्या सोसायटीत उत्तराताई राहतात. त्या कॉलेजात समाजशास्त्र शिकवायच्या आणि त्यांचा नवरा नंदकिशोर तत्त्वज्ञान. दोघं एकाच वर्गात शिकलेले, त्यामुळे आजही अरे-तुरे आणि आजही वाद. मी सोसायटीचा सेक्रेटरी, म्हणून त्या वादाचा ताप मला.

यंदा बिल्डिंगला रंग द्यायचं ठरलं. पेंटरने कंपाउंडच्या भिंतीवर शेजारीशेजारी दोन पट्टे मारून ठेवले, एक करडा आणि एक पिवळा. नंदकिशोरांनी सकाळ-संध्याकाळ समोर उभं राहून निकाल दिला, "करडाच. सुंदर ते सुंदर, त्याला लोकांची मतं कशाला?"

उत्तराताई मुद्दाम घरोघर विचारत फिरल्या. तर सगळे म्हणाले, करडा. समोरचा नवा टॉवर करडाच आहे ना.

नंदकिशोर खूश. पण उत्तराताई हटणाऱ्या नव्हेत. "लोक काय सांगतात ते ऐकलं, आता काय करतात ते बघू," म्हणाल्या, आणि मीटिंगमध्ये त्यांनी सोसायटीच्या ग्रुपवरचे फोटो दाखवले. सम्यकची नवी स्कूटर, मनालीचा पदवीचा झगा, नंदाकाकूंची नात. सगळे पिवळ्यासमोर. करड्यासमोर कोणी उभंच राहिलं नव्हतं. शेवटचा फोटो आला, वाढदिवसाचा हार घालून खदखदा हसणाऱ्या नंदकिशोरांचा.

"तिथे उजेड चांगला होता," ते पुटपुटले.

"दोन्ही पट्ट्यांवर ऊन एकच पडतं रे," उत्तराताई म्हणाल्या.

मग मी मतदान घेतलं. पिवळ्यासाठी पहिला हात नंदकिशोरांचा.