सल्ला न देणाऱ्या अक्का

कुणी काही विचारलं की अक्का आधी चष्मा काढून टेबलावर ठेवत आणि कानडी वळणाने म्हणत, "स्वल्प, थोडं बसू या." मग खरंच गप्प बसत. समोरच्याला वाटे, ह्यांना ऐकू आलं नाही की काय!

बंगळुरात पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या कारखान्यात त्या तपासनीस होत्या. आम्ही लेथवर, म्हणजे धातू कातायच्या यंत्रावर, घडवलेला प्रत्येक तुकडा त्या मोजून बघत. पंथाने क्वेकर. म्हणजे काय, असं मी एकदा विचारलं होतं.

"ख्रिस्तीच, पण आमच्यात पाद्री नसतो. एकत्र गप्प बसतो, आतून काय उमगतं ते ऐकतो."

आता तुम्हीच सांगा, लेथच्या खडखडाटात असं माणूस कुणाला खरं वाटेल?

नव्वद सालानंतर कंपनीने कॉम्प्युटरवर चालणारा लेथ आणला आणि शिकायला माझं नाव लावलं. वय बेचाळीस, शिक्षण बेळगावात दहावीपर्यंत. माझी पाचावर धारण बसली. राजीनामा लिहून खिशात घातला आणि रविवारी सल्ला मागायला अक्कांच्या जयनगरच्या घरी गेलो.

त्यांच्या पंथातले आणखी दोघे तिथे होते. त्यांची रीत अशी, की अडलेल्याला सल्ला द्यायचा नाही. फक्त प्रश्न विचारायचे, आणि मध्ये भरपूर गप्प बसायचं. दहा मिनिटं मी शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या ऐकत बसलो.

मग अक्कांनी विचारलं, "भीती मशीनची वाटते, की चुकण्याची?"

"पोरं हसतील ह्याची," मी म्हणालो आणि मला रडूच फुटलं. कुणी समजूत घातली नाही. तिघंही तसेच माझ्याजवळ बसून राहिले. इतका आधार मला आयुष्यात कुणी दिला नव्हता.

"अक्का, असं बसून तुमची भीती जाते का हो?"

"नाही जात. पण तिच्या सांगण्यावरून मी काही ठरवत नाही."

राजीनामा खिशातच राहिला. प्रशिक्षण संपल्यावर नव्या मशीनवरचा माझा पहिलाच तुकडा बिघडला. पोरं हसलीच. अक्का तरी सांभाळून घेतील म्हणून तो त्यांच्याकडे नेला. त्यांनी मोजला आणि त्यावर नापासाची लाल रेघ ओढली. माया होती, पण मायेपोटी खोटं बोलणं त्यांना जमत नसे.

"उद्या दुसरा आणा," एवढंच म्हणाल्या. असे कितीतरी तुकडे लाल झाले.

पहिला बरोबर तुकडा निघाला तेव्हा अक्का निवृत्त होऊन मध्य प्रदेशात बहिणीकडे गेल्या होत्या. त्यांच्या जागी आलेल्या तपासनिसाने तुकड्याकडे न बघताच 'पास'चा शिक्का उचलला. "तुमचं काम म्हणजे सरीच, बरोबरच असणार, अण्णा."

मी त्याचा हात धरला. "आधी मोजा," म्हटलं.