सहावा कप्पा

नाव : विश्वंभर दीनानाथ पाटणकर. वय : चौसष्ट. हुद्दा : निवृत्त मुख्य लिपिक, रेल्वे, सांप्रत मराठी मंडळाच्या गणेशोत्सवाचे मानद अभिलेखपाल, झाशी. ताब्यातील अभिलेख : हार्ड डिस्क, नग सात. शेरा : सर्व सुस्थितीत.

शेरा पाटणकरांनी स्वतःच लिहिला होता. सातांतली एक डिस्क टकटक करू लागली होती, पण टकटकीसाठी रकाना नव्हता.

त्या डिस्कवर एकवीस वर्षांपूर्वीचं मंडळाचं नाटुकलं होतं. त्यात त्यांची आठ वर्षांची ऋचा सात मिनिटं न अडखळता मराठी बोलली होती. पुढे शाळा हिंदी, मैत्रिणी हिंदी. आता ती नोएडाहून फोन करते, यांचं मराठी ऐकते आणि उत्तर हिंदीत देते. ती सात मिनिटं दुसरीकडे कुठेच नव्हती.

सदर बाजारातल्या संगणक दुरुस्तीवाल्या अमितने डिस्क कानाला लावून सांगितलं, "अंकलजी, ये बस एक बार चलेगी. आज ही कॉपी कर लीजिए."

पाटणकरांनी त्याच्याकडून आठ डिस्क मावणारं संगणकाचं फुल टॉवर कॅबिनेट घेतलं. कंबरेला लागेल एवढं. पण छत्तीस वर्षांत त्यांनी टिपणीशिवाय एक कागद हलवला नव्हता. वरचे कप्पे तापतात, तळाच्यांत धूळ शिरते. आजारी डिस्कला कुठला मानवेल? एक धडधाकट डिस्क घेऊन ते दर आठवड्याला कप्पा बदलत, तापमापक लावून सकाळ-दुपार आकडे लिहीत. आठ कप्पे, आठ आठवडे. एप्रिल गेला, मे गेला.

"कॉपी कधी करणार?" पत्नी सिंधूताई विचारायच्या.

"आधी जागा ठरू दे."

"पोरीला स्थळ बघताना एवढं नाही हो बघितलंत."

अखेर सहावा कप्पा ठरला. पंख्यासमोरचा, सगळ्यांत थंड. पाटणकरांनी टिपणीखाली तारखेसह सही केली आणि आजारी डिस्क आत सरकवली. ती चारदा टकटकली आणि थांबली. अमितने येऊन पाहिली आणि हात जोडले.

रविवारी ऋचाचा फोन आला, तेव्हा त्यांनी सहज विचारावं तसं विचारलं, त्या नाटुकल्यातलं काही आठवतं का.

"समझ तो सब लेती हूँ, बाबा," ती म्हणाली. "बोलना अब कहाँ आता है."

ते बरं म्हणाले.

डिस्क सहाव्या कप्प्यातच आहे. तिचं तापमान खोलीइतकं असतं.