मापाखाली महिना

धोंडीरामआप्पांची माझी पहिली भेट झाली, तेव्हा मला आधी दिसले ते त्यांचे पाय. महाबळेश्वरच्या वाटेवरच्या करमणूक बागेत मी सांगलीहून नोकरीला आले होते आणि आप्पा तिथल्या लाकडी रोलर कोस्टरच्या सर्वांत उंच चढावर बसून खांबावर हातोडी ठोकून आवाज ऐकत होते. मी खालूनच नमस्कार केला. वरून उत्तर आलं, "आधी वर या बाई, मग नमस्कार करा. खालनं काय दिसतंय?" इंजिनिअरिंगची पदवी घेतलेली मी निम्म्यावरच खांबाला मिठी मारून थांबले.

आप्पा मूळचे आष्ट्याचे, बैलगाड्या घडवणाऱ्या घरातले. हा रोलर कोस्टर उभारला गेला तेव्हा ते सुतारांचे मुकादम होते; पुढे त्याची देखभाल त्यांच्याकडेच राहिली. वळणं नि चढ-उतार बघून कामगार त्याला 'घाट' म्हणत. खांबांना आप्पा दरवर्षी पावसाआधी स्वतः तेल पाजत आणि त्या दिवसांत घरच्या माणसांनाही भेटत नसत, अशी आप्पांच्या पत्नीची, म्हणजे आमच्या वहिनींची, तक्रार आहे.

चार वर्षांपूर्वी मालकांनी ठरवलं की घाट पाडायचा. लाकडी रुळावरून गाडी इतकी हादरे की लोक कंबर धरून उतरत. आप्पांनी मात्र हट्ट धरला, की खांब ठणठणीत आहेत, सांगाडा लाकडाचाच ठेवू आणि वर पोलादी रूळ बसवू. सत्तरी ओलांडलेल्या या माणसानं मालकांना शब्द दिला, "उन्हाळ्याच्या सुट्टीआधी नवी गाडी पळाली न्हाई, तर खुशाल पाडा. मी आडवा येणार न्हाई."

तो शब्द बुडवायला मीच निघाले होते.

रूळ तुळयांवर धरून ठेवायला लोखंडी पकडी लागणार होत्या. तुळयांची मापं मी आषाढात घेतली, रेनकोट घालून, अगदी काटेकोर. सांगलीच्या वर्कशॉपमधून पकडी बनून आल्या. फाल्गुनात वाळूची पोती भरून गाडी सोडली आणि पहिल्याच उतारावर असा खडखडाट झाला की मी धावत वर चढून पाहिलं. पावसात फुगलेल्या तुळया आता वाळून आकसल्या होत्या. सगळ्या पकडी ढिल्या!

मालक यायला निघाले होते. मी आप्पांना म्हटलं, "आप्पा, लाकूडच खराब निघालं असं सांगूया का?" हे लिहिताना आजही मला लाज वाटते. लाकडावर ठपका आला असता, तर घाट त्याच आठवड्यात पाडला गेला असता.

आप्पा रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "लाकूड आखाडात फुगतं, उन्हात आकसतं. त्येनं लबाडी केलेली न्हाई, पोरी. मग आपण का करायची? मी शेजारी हुबा ऱ्हातो. पण बोलायचं तू."

मी बोलले. मालकांनी आप्पांकडे पाहिलं. आप्पा म्हणाले, "पोरीनं माप बरोबर घेतलं. कुठल्या महिन्यात घेतलं, ते इचारायचं माझं काम व्हतं. मी इचारलं न्हाई." मालकांनी मुदत वाढवली नाही, पण पाडण्याचं नावही काढलं नाही.

मग आप्पांनी प्रत्येक पकड नट-बोल्टनं जोडलेल्या दोन पाकळ्यांची करायला लावली. लाकूड फुगलं की नट सैल करायचे, आकसलं की आवळायचे. सुतार आणि वेल्डर पहिल्यांदाच एका ताटात जेवले. गुडघा सुजलेला असताना आप्पांनी वर चढून एकूण एक पकड हातानं हलवून पाहिली. डॉक्टरांचं नाव काढलं की ते माझ्या हातात पाना देत. सुट्टी लागण्याच्या आदल्या दिवशी गाडी पळाली. माणसं हसत उतरली, कंबर न धरता! आप्पा मात्र गाडीत बसले नाहीत. खाली उभे राहून ते फक्त आवाज ऐकत होते.

त्या वर्षापासून आमच्या वहीत प्रत्येक मापाखाली महिना लिहिलेला असतो.

आप्पांच्या अमृतमहोत्सवी ग्रंथात माझ्या चुकीची गोष्ट नको, असं संपादक मंडळींनी मला प्रेमानं सुचवलं. म्हणून हा लेख मी आधी आप्पांनाच वाचून दाखवला. त्यांनी डोळे मिटून सगळा ऐकला. स्तुती आली तिथे ते खाकरले, चूक आली तिथे मान हलवली. शेवटी एवढंच विचारलं, "खाली महिना लिहिलास का?"

आप्पांनी आणखी पुष्कळ आषाढ आणि पुष्कळ फाल्गुन धडधाकट पाहावेत. नट सैल करायला आणि आवळायला त्यांनीच आम्हाला दटावून वर पाठवावं, आणि स्वतः खाली उभं राहून आवाज ऐकावा.

आणि हो आप्पा, लिहिला आहे.

मार्गशीर्ष.