आक्कांचा गार घाम

आक्कांना घाम आला की मी हातातलं काम टाकून त्यांच्या मानेला हात लावायची. आक्का म्हणजे माझ्या सासूबाई. अख्खं कळंब त्यांना आक्काच म्हणायचं. त्या इन्शुलिनवर होत्या. उन्हाचा घाम कोमट लागतो आणि साखर उतरल्याचा गार, हे मी भीतीपोटी शिकले. आमच्याकडच्या उन्हाळ्यात घाम कुणाला येत नाही? त्यामुळे दिवसभर माझ्या काळजाचं पाणी पाणी व्हायचं. आक्का वैतागायच्या. "अगं, म्हस चाचपल्यावानी काय चाचपतीस मला?"

ही भीती बसली एका नवरात्रात. आक्कांनी उपास धरला आणि सुई मात्र नेहमीइतकीच घेतली. देवळात आरती चालू असताना त्या डोलायला लागल्या. अंगाला कापरं, नजर भलतीकडे, तोंडानं काहीतरी असंबद्ध. बायकांनी लगेच वाट करून दिली. एकीनं मळवट भरला, दुसरीनं पायावर डोकं ठेवून विचारलं, "आई, माझ्या पोराचं लगीन कवा जमंल?" मी पुढे झाले तर एका म्हातारीनं माझं मनगट धरलं. "सुनबाई, हात लावू नगंस. आई आलीया अंगात." क्षणभर मलाही वाटलं, खरंच आली असेल तर? मग मोकळ्या हातानं मान चाचपली. गार! म्हातारीला झिडकारून मी देवीपुढच्या नैवेद्यातली साखर मुठीनं उचलली आणि थोडी थोडी आक्कांच्या तोंडात घातली. त्या गिळत होत्या, एवढंच मी बघत होते. त्यांनी मला ओळखेपर्यंत देवीकडे पाहायचं माझं धाडस झालं नाही.

दुसरी कुणी असती तर लाजून घरात बसली असती. आक्का वालचंदनगरच्या डॉक्टरांकडून सगळं समजून घेऊन आल्या आणि भेटेल त्या बाईला सांगत सुटल्या. बारसं असो, हळदीकुंकू असो. "माझ्या अंगात देव येत न्हाय, बायांनो. आलाच तर आधी साखर घाला. देव असंल तर परसाद म्हणून खाईल, नसंल तर माझा जीव वाचंल!" बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. मग आक्का बोट उगारायच्या. "पर शुद्धीत असंल तरच हां! शुद्ध गेली तर तोंडात पाण्याचा थेंबबी घालायचा न्हाय. कुशीवर वळवायचं अन् एकशेआठला फोन." तोवर निम्म्या जणी चहाकडे वळलेल्या असायच्या.

उपास त्यांनी सोडून दिले. "देवीला सांगितलंय म्या, हितून म्होरं माझी सून धरंल," असं परस्पर ठरवूनही टाकलं. पदराच्या गाठीला खडीसाखर असल्याशिवाय उंबरा ओलांडायच्या नाहीत. तरी त्या बाहेर पडल्या की माझं लक्ष फोनकडे.

गेल्या लग्नसराईत त्या अंथुर्ण्याला नात्यातल्या हळदीला गेल्या. मी तापानं फणफणले होते, म्हणून घरीच राहिले. दुपारी फोन आला, आक्कांना बारामतीला नेलंय. मी पोचले तेव्हा त्यांच्या छातीत घरघर चालली होती. जेवण वाढतील म्हणून त्यांनी सुई घेतली आणि पंगत लांबली. आतल्या खोलीत पडायला म्हणून गेल्या, त्या बेशुद्धच सापडल्या. एका बाईनं धावत जाऊन साखरेचं पाणी केलं आणि चमच्याचमच्यानं पाजलं. ते फुप्फुसात उतरलं, असं डॉक्टर म्हणाले. आक्का त्यातून उठल्या नाहीत.

ती बाई दवाखान्याच्या पायरीवर बसली होती. हात अजून हळदीचे. मला बघताच तिला हुंदका फुटला. "आक्कांनीच सांगितलं हुतं वो, आधी साखर घाला म्हणून. म्या इसरले न्हाय." तिच्यावर ओरडायला उघडलेलं तोंड मी मिटलं. जेवढं कानावर पडलं, तेवढं तिनं जिवापाड जपलं होतं.

आता बायकांना मी सांगते. शुद्ध नसेल तर तोंडात काही घालायचं नाही, हे पहिलं. साखरेचं त्यानंतर. प्रत्येकीकडून वदवून घेते आणि तरी घाबरतेच, की कुणीतरी यातलं निम्मंच घरी नेईल. बायका कंटाळतात. परवा एक उठता उठता म्हणाली, "आक्का बऱ्या हुत्या बाई. हसवायच्या तरी."