शिफारशीचा रविवार

आमची लाडकी मालिका वाहिनीने बंद केली, तेव्हापासून आम्ही चाहत्या तिच्यातल्या पात्रांवर कथा लिहून एका ग्रुपमध्ये टाकतो. दर रविवारी प्रत्येकीने दुसरीच्या एका कथेची शिफारस करायची, असा तिथला रिवाज आहे.

मला या रिवाजाचा पहिल्यापासून संशय. शेजारणीचा डबा रिकामा परत करायचा नाही म्हणून आपण त्यात काहीतरी घालतोच, तसलंच हे कौतुक. डबे फिरत राहतात, पण आतलं कुणी चाखतं का?

या रविवारी नीलाने माझी जुनी कथा सुचवली. तिला मी कधी भेटलेले नाही. मागच्याच रविवारी मी तिची कथा 'अप्रतिम' म्हणून सुचवली होती. म्हटलं, आला डबा परत! तिने लिहिलं होतं, "ताई, धाकटी जाऊ रुसलेल्या सासूचा चष्मा गुपचूप पुसून ठेवते ना, तिथे मी थांबलेच."

चष्मा? माझ्या कथेत चष्मा नव्हताच. पकडली, असं म्हणत मी खात्रीसाठी कथा उघडली. खरंच नव्हता.

मग आठवलं. होता. ते वाक्य मलाच फार भाबडं वाटलं, म्हणून कथा टाकल्यावर तासाभरात मी ते काढून टाकलं होतं. म्हणजे नीलाने त्या पहिल्याच तासात कथा वाचली होती आणि मी टाकून दिलेलं वाक्य इतके महिने जपलं होतं.

'थँक्यू गं' लिहिता लिहिता मी थांबले. आधी तिची ती 'अप्रतिम' कथा उघडली. पहिल्यांदाच.