पट्टीचं दुसरं टोक

दादाची अट एकच होती. परीक्षा पहिल्याच खेपेला पास झाले तर नोकरी करायची, नाही तर मुकाट्यानं घरी येऊन मोहतूर लावायचं. विधवेच्या दुसऱ्या लग्नाला आमच्याकडं मोहतूर म्हणत. नवरदेवही ठरलेला होता, जवळा बाजारचा एक बिजवर. तो मला पाहायला आला तेव्हा माझ्याकडं कमी आणि आमच्या गोठ्याकडं जास्त पाहत होता. दादा तसा वाईट नव्हता. तरणीताठी बहीण घरात बसून आहे म्हणून लोक बोलत आणि ते त्याच्या जिवाला लागे. पण मला त्या माणसाच्या घरी जायचं नव्हतं, आणि तसं मी दादाला तोंडावर सांगितलं होतं. निजामाच्या राज्यात, नरसीच्या बाजूच्या आमच्या गावात, बाईनं असं बोलणं म्हणजे आक्रीतच होतं.

दवाखान्यात मी शिरले ती वहिनीच्या पाठोपाठ. तिचं बाळंतपण अडलं म्हणून तिला बैलगाडीत घालून हिंगोलीला आणलं, तेव्हा सोबतीला मी होते. तिथली सिस्टरबाई जालन्याकडची ख्रिस्ती बाई, उंच, हडकुळी आणि बोलायला फटकळ. तिच्या हाताखालची आया नेमकी त्या दिवशी आजारी होती, म्हणून तिनं मलाच दिवा धरायला लावला. दिवा हलला नाही एवढंच माझं कर्तृत्व. वहिनी आणि बाळ दोघं सुखरूप निघाली, तेव्हा सिस्टरबाई दादाला म्हणाली, "ही पोरगी मला द्या. हिला शिकवते." दादा नाही म्हणायच्या आत मी हो म्हटलं होतं.

शिकणं म्हणजे काय हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं. वर्गबिर्ग काही नव्हता. दवाखान्यातच राहायचं, पडेल ते काम करायचं, उरलेल्या वेळात पुस्तक वाचायचं आणि दोन वर्षांनी हैदराबादेहून कुणी डॉक्टरीणबाई येईल तिच्यापुढं तोंडी परीक्षा द्यायची. आता उरलेला वेळ कुठं होता ते मला अजून कळलेलं नाही. सकाळी झाडलोट, मग पाणी तापवणं, अवजारं उकळणं, जखमा धुणं, रोग्यांना पेज भरवणं, चादरी बदलणं. माझ्याजवळ घड्याळ नव्हतं. पूर्णेकडून आगगाडी आली की दुपार झाली असं समजायचं, आणि ती गाडी कधी वेळेवर येत नसे. त्यामुळं माझी सकाळच संध्याकाळपर्यंत लांबायची.

शिवाय पुस्तक उर्दूत. उर्दू बोललेलं मला कळायचं, कचेरीत आणि बाजारात तीच चालायची. पण वाचायचं म्हटलं की एकेका ओळीशी झटापट. गावच्या शाळेत दादाच्या मागं बसून मी बाळबोध शिकले होते, ती विद्या इथं काही कामाची नव्हती. पुस्तक उघडलं की दोन ओळींत डोळे मिटायचे. जाग आली की घाबरून मी एकदम पाच-सहा पानं वाचून काढायची आणि दुसऱ्या दिवशी त्यातलं एक अक्षर आठवायचं नाही. पहिलं वर्ष असंच गेलं. फार दाटून आलं की मी चादरी उकळायच्या भट्टीमागं जाऊन रडून यायची. धुरानं डोळे लाल झाले म्हणून सांगायची तिथं सोय होती.

दुसऱ्या वर्षी पोळ्याच्या सुमाराला याडी आली. कळमनुरीच्या रस्त्याला आत बंजाऱ्यांचा एक तांडा होता, तिथली ही बाई. आईला त्यांच्या बोलीत याडी म्हणतात, तिचा मुलगा तिला तशी हाक मारायचा म्हणून सगळा दवाखानाच तिला याडी म्हणू लागला. तिच्या घोट्याजवळ नारू झाला होता. आता तो रोग कुणाला फारसा माहीत नाही. पायऱ्यांच्या विहिरीचं पाणी पिऊन पोटात गेलेला जंत वर्षाच्या अंतरानं पायातून बाहेर यायचा, पांढरा, दोऱ्यासारखा लांबच लांब. त्याला काडीभोवती गुंडाळून रोज थोडा थोडा बाहेर घ्यायचा. घाई करून ओढला की तुटायचा आणि मग पाय सुजून माणूस महिनोन् महिने अंथरुणाला खिळायचा. याडीचा तांड्यातच कुणीतरी अर्धा ओढून तोडला होता, आणि पाय भोपळ्यासारखा सुजला होता. उरलेला काढायचं काम सिस्टरबाईनं माझ्यावर सोपवलं.

एकदा मी असा नारू गुंडाळत असताना सिस्टरबाई मागं येऊन उभी राहिली. आदल्या दिवशीच तिनं मला बुखाराचा धडा विचारला होता आणि मी ठोंब्यासारखी गप्प राहिले होते.

"आज किती काढला?" तिनं विचारलं.

"बोटभर."

"आणखी ओढ की."

"तुटेल ना बाई!"

"मग पुस्तक काहून ओढून राहिलीस?" एवढं बोलून ती निघून गेली. मला राग आला, कारण ते बराबर होतं.

त्या दिवसापासून मी रोज बोटभरच धडा घ्यायचं ठरवलं. पण तेवढ्यालाही वेळ लागतोच, आणि तो सापडला पट्ट्या गुंडाळण्याच्या कामात. तेव्हा पट्ट्या टाकून देत नसत. वापरलेल्या धुवायच्या, उकळायच्या, दोरीवर वाळवायच्या आणि मग घट्ट गुंडाळून डब्यात ठेवायच्या. गुंडाळी सैल झाली तर बांधताना पट्टी हातातून सुटते, म्हणून दुसऱ्या टोकाला कुणीतरी ताण धरून बसावं लागतं. मी ते टोक खाटेच्या गजाला बांधायची. याडी उशीला टेकून बसल्या बसल्या ते पाहत होती. रिकामं बसणं तिला शिक्षेसारखं होतं.

"दे इकडं," ती म्हणाली. "पाय दुखून राहिला, हात न्हाई."

तिनं टोक धरलं आणि माझी एक अडचण सुटली. दुसरी सुटली ती पलीकडच्या खाटेवरून. तिथं एक म्हातारी होती, सगळ्यांची खाला म्हणजे मावशी, कळमनुरीच्या बांगडीवाल्यांच्या घरातली. पायरीवरून पडून तिची मांडी मोडली होती, त्यामुळं तिला कूस बदलायचीही चोरी. लहानपणी वडिलांनी तिला उर्दू वाचायला शिकवलं होतं. ती म्हणाली, "किताब मेरेकू दे. मैं पढती, तू सुन."

अशी आमची शाळा भरू लागली. रोज दुपारी, म्हणजे गाडी येईल तेव्हा, खाला दोन-चार ओळी वाचायची, मी त्या म्हणत म्हणत पट्टी गुंडाळायची आणि याडी टोक धरून बसायची. मी रुंद पट्ट्यांना हाडांचे धडे वाटून दिले होते आणि अरुंद पट्ट्यांना तापाचे. लहान लेकरांचं दुखणंखुपणं बोटांना बांधायच्या चिंध्यांवर भागवलं. याडीला त्यातलं अक्षर कळत नव्हतं. पण मी अडखळले की माझा हात सैल पडायचा, आणि ते तिला लगेच टोकाशी समजायचं. मग ती पट्टीला एक हिसका द्यायची. "काहून थांबली? बोल!" त्या हिसक्यासरशी विसरलेलं खरंच जिभेवर यायचं. कसं ते देव जाणे. कधी ती उगीचच हिसका देऊन हसायची, आणि मग मी तिच्यावर खेकसायची. त्या दुपारी मला इतक्या आवडू लागल्या की पट्ट्या संपल्या तर मी गुंडाळलेल्या सोडून पुन्हा गुंडाळायची.

दसरा झाला. परीक्षा दिवाळीनंतर होती. सिस्टरबाई म्हणाली, "याडीची जखम आता मी बघते, तेवढा वेळ तू अभ्यासाला घे." मला बरं वाटलं. याडी मात्र त्याच सुमारास जास्तच कण्हायला लागली. तिचा मुलगा गाडी घेऊन न्यायला आला, तेव्हा तिनं पायाला हात लावून असा काही गळा काढला की पोरगं घाबरून परत गेलं. दिवाळी झाल्यावर तो पुन्हा आला. शेतात कापूस फुटला होता, वेचायला माणसं मिळत नव्हती, आणि याडीचा हात वेचणीला म्हणे सगळ्या तांड्यात चपळ होता. तरी ती जागची हलली नाही. मला तिच्या कण्हण्याचा थोडा वैतागच येत होता. माझ्या डोक्यावर परीक्षा आणि हिचं आपलं "आयो, आयो" चाललेलं.

परीक्षेच्या दिवशी दादा सकाळीच येऊन दवाखान्याच्या ओट्यावर बसला. बिजवराकडून निरोप आला होता म्हणे, हो का नाही ते एकदाचं सांगा.

डॉक्टरीणबाई गाडीनं आली, अर्थातच उशिरा. लगेच परतायचं असल्यामुळं ती म्हणाली की परीक्षा बायकांच्या खोलीतच घेऊ, रोग्यांच्या समोर. सिस्टरबाईनं मला आधीच पढवलं होतं की ताठ उभं राहायचं, हात मागं बांधायचे, नजर खाली. मी तशी उभी राहिले. डॉक्टरीणबाईनं विचारलं, बुखार किती तऱ्हेचे आणि त्यांची लक्षणं काय?

मला काहीच आठवेना. तोंडपाठ धडा होता, झोपेत उठवून विचारलं असतं तरी सांगितला असता, पण डोक्यात नुसता अंधार. तिनं दुसरा प्रश्न विचारला, हाडांचा. मी तशीच उभी. हात मागं बांधलेलेच होते. सिस्टरबाईचा चेहरा पांढराफटक झाला. उघड्या दारातून ओट्यावरचा दादा दिसत होता, आणि मला त्या बिजवराचा गोठा दिसू लागला. डॉक्टरीणबाईनं सुस्कारा सोडून पेन उचललं.

तेवढ्यात काहीतरी मऊ येऊन माझ्या छातीवर आदळलं. धुतलेल्या पट्ट्यांचा गठ्ठा होता. याडीनं खाटेवरून फेकला होता.

"गुंडाळ!" ती ओरडली.

"याडी, गप बैस!" सिस्टरबाई कडाडली. पण खालानं मान उचलली आणि अगदी अदबीनं डॉक्टरीणबाईला म्हणाली, "गुस्सा नक्को करो, डॉक्टरनी साहेबा. इसके हाथां खाली रहे तो इसकू कुछ याद नै आता. हमइच ऐसा सिखाए इसकू. गलती हमारी है."

डॉक्टरीणबाईनं तिच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. ती हसली नाही. पेन मात्र खाली ठेवलं. "गुंडाळ," तीही म्हणाली.

मी गठ्ठ्यातून एक अरुंद पट्टी ओढली. याडीनं टोक पकडलं. पहिला वेढा घेतला आणि बुखार आठवला. दुसऱ्या वेढ्याला त्याची लक्षणं आली. मग मी थांबलेच नाही. डॉक्टरीणबाई विचारत गेली, मी गुंडाळत गेले. हाडांचा प्रश्न आला तशी मी अरुंद पट्टी टाकून रुंद घेतली, तेव्हा मात्र तिच्या ओठांचा कोपरा हलला. एका ठिकाणी, बाळंतिणीच्या तापाच्या प्रश्नाला, मी पुन्हा अडले. टोकाकडून हिसका आला. उत्तरही आलं.

"पास," डॉक्टरीणबाई म्हणाली. वर तिनं मी केलेली एक गुंडाळी उचलून दाबून पाहिली आणि सिस्टरबाईला म्हणाली, ही घट्ट आहे.

मी तिथंच मटकन खाली बसले आणि रडले, या खेपेला भट्टीमागं न जाता. दादा आत आला. काय झालं ते सिस्टरबाईनं सांगितलं, तेव्हा तो माझ्या शेजारी जमिनीवर येऊन बसला. मग म्हणाला, "त्याला नाही म्हणून कळवतो." माझ्या भावाचे मी त्या एका वाक्यासाठी जन्मभर उपकार मानले.

संध्याकाळी चुलीपाशी पाणी तापवत होते तर बाहेर बैलांच्या घंटा वाजल्या. याडीचा मुलगा गाडी घेऊन आला होता. सिस्टरबाईनंच तांड्याकडं जाणाऱ्या एका गाडीवानाच्या हाती निरोप पाठवला होता, हे मला मागाहून कळलं. मी धावत गेले, याडीला आधार देऊन गाडीपर्यंत न्यावं म्हणून. पाहते तो याडी घागरा सावरत, गाठोडं डोक्यावर घेऊन, तरातरा अंगणातून चालली होती. लंगडण्याचं नाव नाही.

"याडी, पाय!" मी ओरडले.

"कोनता पाय?" ती वळून म्हणाली.

मी सिस्टरबाईकडं पाहिलं. ती पायरीवर उभी राहून दोरीवरच्या चादरी मोजण्याचं ढोंग करत होती. "दसऱ्यालाच बरा झाला होता तो," ती म्हणाली. "जा म्हणून मी दोनदा सांगितलं. ऐकेना. पोरीचं टोक कोण धरील म्हणाली."

तोवर याडी गाडीत चढून बसलीही होती. शेतातला अर्धा कापूस वाऱ्यानं गळून मातीत गेला, असं तिचा मुलगा बैलांना हाकता हाकता तिला ऐकवत होता, आणि ती त्याला गप बस म्हणत होती. मी गाडीबरोबर फाटकापर्यंत चालत गेले. काय बोलावं ते मला सुचेना, कारण माझे हात रिकामे होते. तिनं ते ओळखलं असावं. तिनं आपल्या ओढणीचं टोक माझ्या हातात दिलं, दुसरं स्वतः धरलं, आणि गाडी रस्त्याला लागेपर्यंत सोडलं नाही.